शुक्रवारी सहापर्यंत ‘मान्य आहे’

तो मेल सोमवारी सकाळी आला. मी पडवीत, रेंज मिळते त्या एकाच खांबाला टेकून बसले होते आणि थंडीत ओठ फुटू नयेत म्हणून काय करावं यावर सहाशे शब्द लिहीत होते. चारशे झाले होते. मेलचा विषय होता ‘लेखक धोरणातील सुधारणा’. कागदावरच्या मराठीत ‘सुधारणा’ म्हटलं की कुणाचं तरी काहीतरी कमी होणार असतं, एवढं मला माझ्या शिक्षणाने शिकवलंय. ओठांचा लेख तिथेच राहिला.

मेल लांब होता, पण थोडक्यात सांगता येतो. गेली चार वर्षं मी एका वेबसाइटसाठी मराठी लेख लिहीत होते. विषय ते द्यायचे, लिहायची मी, पैसे शब्दांवर मिळायचे आणि लेखाखाली माझं नाव यायचं. पुढच्या महिन्यापासून लेख मशीन लिहिणार होतं. आम्ही लेखकांनी ते वाचून सुबक करायचे. पैसे शब्दांवर नाहीत, लेखावर, म्हणजे पूर्वीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. नाव येणार नाही. खाली दोन बटणं होती, ‘मान्य आहे’ आणि ‘मान्य नाही’. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत कुठलंच दाबलं नाही, तर मान्य नाही असं धरलं जाईल.

दिवसभर मी तो मेल उघडत राहिले. दर वेळी वाटायचं, मधली एखादी ओळ वाचायची राहिलीय, हे फक्त नव्या लेखकांसाठी आहे असं सांगणारी. तशी ओळ नव्हती.

आमच्या घरात पदवीधर झालेली मी पहिली. आई चौथी, बाबा सातवी नापास. हे मी कुणी विचारायच्या आधी सांगते, आणि मान वर करून सांगते. दोन वर्षांपूर्वी ओरोसला एका कार्यालयात कंत्राटी जागा निघाली होती, कॉम्प्युटरवर नोंदी करायची. मुलाखतीला बाबा माझ्याबरोबर आले. आमच्या कट्टा गावाहून कसाल, कसालहून दुसरी गाडी. इस्त्रीचा शर्ट घालून ते बाहेरच्या बाकावर तीन तास बसले. जागा मला मिळाली, आणि मी ती नाकारली. म्हटलं, दिवसभर दुसऱ्यांची नावं टाइप करण्यापेक्षा स्वतःच्या नावाने लिहीन. तेव्हा मिळतही जास्त होतं. बाबा एक अक्षर बोलले नाहीत. पुढे धाकट्या बहिणीला कुडाळला नर्सिंगला घातलं, तिची फी मी भरू लागले, आणि बाबांना बाजारात चार लोकांना ते सांगताना मी ऐकलं. म्हणजे त्यांनी माझं म्हणणं मान्य केलं, असं मी धरून चालले होते. आता शुक्रवारनंतर त्यांना काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं. फीचा पुढचा हप्ता दीड महिन्यावर होता.

आम्हा लेखकांचा एक ग्रुप आहे. कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. सोमवारी दुपारी तिथे नुसती आग होती. सगळ्यांनी एकजुटीने नकार द्यायचा आणि एक पत्र लिहायचं ठरलं. पत्राचे मसुदे तिघांनी टाकले, आणि तिन्ही ‘आजच्या डिजिटल युगात’ असे सुरू होत होते. मला हसू यायला हवं होतं, पण भीती वाटली. आमची लिहायची सवयच इतकी एकसारखी झाली होती की मशीनला फार काही शिकावं लागलं नसणार. पत्र कुणीच पुरं केलं नाही. मंगळवारी ग्रुप गप्प झाला. मग एका बाईने मला वेगळा मेसेज टाकला: ‘मी मान्य केलं. घरात दोन मुलं आहेत. ग्रुपवर सांगू नको.’ बुधवारपर्यंत असे चार मेसेज आले. ग्रुपवर सांगू नको, हे चौघांनीही लिहिलं होतं.

बुधवारी मी संपादक मॅडमना फोन केला. चार वर्षांत पहिल्यांदाच. त्या पुण्यात असतात. काय बोलायचं ते मी कागदावर लिहून घेतलं होतं आणि जवळजवळ वाचूनच दाखवलं. जुन्या लेखकांचा वेगळा विचार व्हावा, निदान नाव तरी ठेवावं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

‘तोच मेल मलाही आलाय,’ त्या म्हणाल्या. ‘माझी मुदत गुरुवारची आहे.’

मी हातातल्या कागदाची घडी घातली. त्यांनीच विचारलं, तुमच्याकडे थंडी पडली का.

त्या दुपारी आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं आणि मी ते ताटात ठेवून उठले. बांगडा टाकून मी उठते म्हणजे काहीतरी मोठं बिघडलंय, हे आईला सांगावं लागत नाही. तिने मला मागीलदारी गाठलं आणि सगळं काढून घेतलं. सगळं म्हणजे, पैसे कमी होणार आणि शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं, एवढंच. तिचा निर्णय तयार होता. उद्या देवळात जाऊन कौल लावायचा. मी म्हटलं, माझा विश्वास नाही. ती म्हणाली, विश्वास ठेवायला मी आहे, तू नुसती चल.

कौलावर मी त्या वेबसाइटसाठी एक लेखही लिहिला होता, ‘कौलप्रथेबद्दलच्या पाच रंजक गोष्टी’. गुरव देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो, आणि सगळे वाट बघतात. उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. हे सगळं मी परक्याला सांगावं तसं लिहिलं होतं, जणू आमच्या घरातली लग्नं त्याशिवायच ठरत आली होती.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. बाबा काजूच्या बागेत गवत-झुडपं बेणायला गेले होते, ते कोयता ठेवून, हातपाय धुऊन आले. गुरव आमच्या नात्यातला नाही, पण मी त्याला काका म्हणते. मला बघून तो म्हणाला, ‘ये गो लेखिका. तू कौलार लिवलंलस, ता माझ्या सुनेन माका वाचून दाखवल्यान.’

‘बरा होता?’

‘बरा होता. पाच गोष्टी लिवलंस, त्येतल्यो चार खऱ्यो.’

मी खाली बघितलं. पाचवी मी शब्द भरायला घातली होती.

आईने सांगितलं, हिच्या नोकरीचं विचारायचं आहे. गुरव ताटातल्या पाकळ्या भिजवत होता. ‘नोकरेचा काय? देव व्हय नाय तर नाय सांगता, वैनी. भाषण करणा नाय.’

आईचं म्हणणं, ते काम मान्य करावं का, असं विचारा. बाबांचं म्हणणं, ओरोसला परत जागा निघेल का, ते विचारा. दोघांची तिथेच थोडी जुंपली. गुरव म्हणाला, एका वेळी एकच प्रश्न, आणि ज्याचं काम त्याने सांगायचं. मग माझ्याकडे वळला. कंपनीचं म्हणणं काय आहे, ते त्याला समजेल असं हवं होतं.

मी सुरू केलं, ‘कंपनीने धोरण बदललंय. लेखकांची भूमिका आता लेखनाऐवजी संपादनाची...’

‘ह्या मी देवाक सांगू?’ त्याने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच पुढे सांगायचं होतं, आणि माझं बोलणं त्याच्या हातात काही लागू देत नव्हतं.

मी पुन्हा सुरुवात केली. ‘आजपर्यंत मी रांधी होतंय. आता मशीन रांधतला. मी नुसती भांडी घासूची, आणि जेवाण कोणी केला ता कोणाक कळाचा नाय.’

मेल मी कितीदा वाचला होता, पण त्यात काय लिहिलंय ते मला तेव्हा कळलं. आई माझ्याकडे बघतच राहिली. तिला माझ्या लेखातलं फारसं वाचता येत नाही, पण प्रत्येक लेखाच्या शेवटी माझं नाव आहे ना, ते ती बोट ठेवून बघते.

गुरवाने पाकळ्या लावल्या आणि हात जोडले. ‘बा देवा म्हाराजा, ह्या चेडू शिकान मोठा झाला. लिवान घराक हातभार लावता. आता तेच्यार अशी येळ इली हा. तेणी ह्या काम पत्करूचा काय, ता तू सांग म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा,’ आईबाबा म्हणाले. माझ्याही तोंडून निघालं.

मग वाट बघणं. थंडीचे दिवस, गाभाऱ्यात ओल, पाकळ्या सुकायचं नाव घेईनात. पंचवीस-तीस मिनिटं झाली असतील. आई डोळे मिटून होती, बाबा जमिनीकडे बघत होते, मी एकटीच पाकळ्यांकडे. उजवीकडची एक पाकळी कडेने सुटली, थोडा वेळ लोंबली आणि पडली.

आईने हात जोडून कपाळाला लावले. सुटल्यासारखी हसली.

मला राग आला. ज्याच्यावर माझा विश्वास नाही त्या देवाचा राग. त्याने कंपनीची बाजू घेतली असं वाटलं. वाटेत मी भराभर पुढे चालत सुटले. आईला वाटलं, मला हायसं वाटलंय.

गुरुवारी मी बटण दाबलं नाही. शुक्रवारी दोन वाजल्यापासून मेल उघडून खांबाशी बसले. ‘मान्य नाही’ दाबलं तर पुढे काय, ते एकेक करून बघितलं. कट्ट्याच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानात मुलगी हवी होती. बहिणीच्या कॉलेजला मुदतवाढ मागता आली असती. उपाशी कुणी मरणार नव्हतं. हे सगळं मला स्वच्छ दिसत होतं, आणि तरी बोट तिकडे जाईना. पावणेसहाला मी ‘मान्य आहे’ दाबलं. पडद्यावर ‘धन्यवाद’ आलं, एवढंच.

बाबा बागेतून आले ते पायरीवर टेकले. मी काही सांगायच्या आधीच त्यांनी विचारलं, ‘दाबलंस?’

‘दाबलंय.’

‘देवान सांगल्यान म्हणान, काय भियालंस म्हणान?’

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. देवाचं नाव घेतलं असतं तर आई खूश झाली असती आणि माझीही मान वर राहिली असती.

‘भियालंय,’ मी म्हणाले.

बाबा पायाची माती हाताने झाडत होते. ‘ओरोसाक तू नको म्हटलंस, तवा मी पण भियाललो,’ ते म्हणाले. ‘तुका सांगूक नाय.’ आणि अंघोळीला उठून गेले.

नव्या धोरणातला पहिला लेख मंगळवारी आला. कोकणातल्या किनाऱ्यांवर होता. त्यात एकही चूक नव्हती, आणि तो आमच्या किनाऱ्याबद्दल आहे हे शेवटपर्यंत कळत नव्हतं. ‘निळाशार समुद्र’ तीनदा होता. मासेमारीबद्दल एक अक्षर नव्हतं. एका लेखाला वीस मिनिटं द्यायची असं सूचनेत लिहिलेलं. मी दोन तास घेतले. रापणीचं जाळं ओढायला गाव जमतं ते घातलं, ओहोटीला कुठे उतरू नये ते घातलं. संध्याकाळी मॅडमचा मेसेज आला, म्हणजे त्यांनीही बटण दाबलं होतं. ‘छान झालंय,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘पण इतकं करत जाऊ नका. तुम्हाला परवडणार नाही.’

त्यांचं खरं होतं. दुसरा लेख घेताना मी मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावला. गजर वाजला तेव्हा मी तिसऱ्या परिच्छेदात होते. तो बंद केला आणि मशीनची पुढची ओळ खोडून माझी लिहायला घेतली.