चेरीखाली युखीम

लिथुआनियातल्या पानेवेझिसच्या बस डेपोतला मेकॅनिक गिंतास आणि युक्रेनमधल्या चेर्निहीवजवळच्या खेड्यातला युखीम सोव्हिएत सैन्यात एकाच बराकीत होते. लिथुआनियन पोरांना जुने शिपाई बडवायला लागले, की हा युक्रेनी गडी मध्ये पडायचा. पुढे दोघांचे देश वेगळे झाले, पण दोस्ती टिकली.

युद्ध सुरू झालं आणि युखीमचा फोन लागेना. रशियन सैन्य तिथून माघारी गेल्याचं कळताच गिंतास व्हॅनमध्ये औषधं भरून निघाला. गावात पोचला आणि बघतच राहिला. युखीमच्या घराच्या जागी नुसतं धुराडं उभं होतं.

तळघरातून युखीमची म्हातारी आई, मोत्रिया, वर आली.

"कोण रे? गिंतास? किती वाळलास!"

"मावशी, युखीम कुठाय?"

"त्या चेरीखाली. गोळा पडला तेव्हा तो अंगणात होता. शेजारीपाजारी सगळे पळालेले, मग मीच खड्डा खणला. जमीन गोठलेली, फार खोल नाही गेला बघ."

 ऐंशीची बाई आणि तिच्या हातात फावडं, ते चित्र गिंतासच्या डोळ्यांपुढून हलेना.

"माझ्याबरोबर चला, मावशी."

"आणि ह्याला एकट्याला टाकू? गप बस. बटाटे उकडलेत, खा."

त्यानं बटाटे खाल्ले. आठवडाभर राहून, जळके पत्रे ठोकून त्यानं तिला निवारा उभा करून दिला.

घरी परतल्यावर बायकोनं विचारलं, "युखीम कसा आहे?"

तेव्हा कुठे तो दारातच मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडला.