शंभराला एक वाढावा

आमच्या कसबा बावड्यातले मेस्त्री कुठलीच गोष्ट तिच्या मापाची मानत नसत. शिरोलीच्या फौंड्रीत ते साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, करायचे. लोखंड साच्यात थंड झालं की आकसतं, म्हणून पॅटर्न शंभराला एक या हिशेबानं मोठा ठेवायचा. या वाढाव्याची सवय त्यांच्या अंगात इतकी मुरलेली, की शिंप्याला सदऱ्याचं मापही वाढवून सांगत.

लेक सुमी लग्न होऊन शिकागोला गेली आणि मेस्त्रींनी पृथ्वीचा गोल आणला. गोलावर कोल्हापूर ते शिकागो दोरा ताणायचा आणि विमानाचे, मधल्या थांब्याचे, मुंबईहून गाडीचे तास मांडायचे. घरापासून घरापर्यंत तेहतीस तास. त्यावर वीस मिनिटं वाढावा. मी समोरच्याच घरात राहायचो, रोज बघून वैतागायचो. विमान काय ओतीव लोखंड आहे का, विचारायचो. ते शांतपणे म्हणत, ‘‘लांबनं येणारं समदं वाटंत आकसतंय. माणूसबी.’’

पण बोलणार काय, कपाळ! कुणाचं पोरगं परदेशातून यायचं असलं की गल्ली मेस्त्रींना वेळ विचारायची, आणि गाडी त्याच मिनिटाला दारात. मी घड्याळ धरून बसायचो. एकदा शेजारच्या पाटलांनी मुलासाठी मांडव घातला, तर मेस्त्री दोऱ्याला बोट लावून म्हणाले, ‘‘ढिला लागतोय. पोरगं निघालंच न्हाय.’’ तासाभरानं फोन आला. विमान रद्द झालं होतं. त्या दिवसापासून मला त्या दोऱ्याची भीती वाटायला लागली, खोटं कशाला बोलू.

नव्वदचं दशक संपता संपता मेस्त्रींनी अंथरूण धरलं. आज रात्र काढणार नाहीत, असं डॉक्टर सांगून गेले. सुमीचा फोन सकाळी नऊला आला, घराला कुलूप लावून निघाले म्हणाली. मेस्त्रींनी मला दोरा ताणायला लावला. त्यांनी डोळे मिटूनच बोट टेकवलं.

‘‘घट्ट हाय. सुमी उद्या सांच्याला सहाला येती.’’

मी सवयीनं म्हणालो, ‘‘सहा वीसला ना?’’

‘‘तिला वाढावा धरला न्हाय. ह्या बारीला मला धरलाय.’’

रात्र गेली. दुपार गेली. श्वास एवढासा झाला होता, पण चालू होता. सहाचा ठोका पडला आणि दारात टॅक्सी थांबली. सुमी चप्पल न काढताच आत धावली. बापलेक काय बोलले ते मी ऐकलं नाही, बाहेर उभा राहून रडत होतो. तिनं हंबरडा फोडला तेव्हा घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी बघितलंच. सहा वीस.

गोल आणि दोरा सुमीनं मला दिला. आता माझा मुलगाही तिकडंच असतो. तो निघाला की मी तास मोजतो, पण वाढावा त्याला धरत नाही. ती वीस मिनिटं माझ्यासाठी राखून ठेवली आहेत.