जोतीरामची महिनाआड पेटी

कवठे महांकाळच्या शिवारात जोतीरामच्या शेजारी रान असणं हे नशीब आणि त्याच्या शेजारी जेवायला बसणं हे संकट. कालव्याला पाणी आलं की स्वतःच्या पाळीतले दोन तास तो शेजाऱ्याला देणार, आणि पंगतीत स्वतःच्या ताटातली भाकरी मला. गेल्या तीस वर्षांत माझं जे वजन वाढलं त्यातलं निम्मं त्याचं आहे. उरलेलं निम्मं मी स्वकष्टानं मिळवलं.

साखरेचा आजार दोघांनाही. म्हणून सांगलीच्या एका दवाखान्यात नव्या इंजेक्शनचा अभ्यास चालू आहे असं कळल्यावर आम्ही जोडीनं नावं घातली. तिथल्या शिवांजली नावाच्या मुलीनं सगळं समजावून सांगितलं. जेवल्यावर आतड्यातून दोन संप्रेरकं निघतात. ती इन्सुलिन सोडायला लावतात आणि मेंदूला ‘पुरे’ असा निरोप देतात. हे औषध त्या दोघांचं काम एकट्यानं करतं. आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं. माझ्या मेंदूनं ‘पुरे’ हा शब्द जन्मात ऐकला नव्हता, त्यामुळे मी फार उत्सुक होतो.

“पण काका,” ती म्हणाली, “काही पेट्यांत औषध आहे, काहींत नुसतं पाणी. कुणाला काय मिळालं ते मलाही माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. दोन्ही ताडून बघितलं तरच औषधाचा खरा गुण कळेल.”

महिन्याला इंजेक्शनच्या चार पेनांची एक पेटी. दोन महिन्यांत जोतीरामची उपाशीपोटीची साखर जवळजवळ निम्म्यावर आली. टाचेवरची वर्षभराची जखम सुकायला लागली. अर्ध्या भाकरीवर तो उठू लागला. इकडे पहिल्याच पेनानंतर माझी भूक मेल्याचं मी गावभर सांगितलं, घरात भात कमी लावायला लावला आणि दोन महिन्यांत तीन किलो वाढलो. नुसतं पाणी टोचून तीन किलो वाढलेला तालुक्यातला मी पहिलाच असेन.

जोतीरामच्या द्राक्षबागेत बसून मी त्याच्यापुढं रडगाणं गायलं. त्यानं ते नीट ऐकून घेतलं.

“मास्तर, एवढंच न्हवं? एक महिना माजी पेटी तुमी न्या, एक महिना ज्याची त्याला. पान्याची पाळी वाटून घेतोच की आपन.”

“अरे, नियमात बसत नाही ते.”

“मग पान्याचं तरी कुठं नियमात बसतंय?”

तीस वर्षं पोरांना कॉपी करू नका म्हणून सांगणाऱ्या माणसानं यावर काय बोलायला हवं होतं? मी विचारलं, “पहिला महिना कुणाचा?”

त्याच्या पेटीतलं पहिलं पेन टोचलं आणि दोन दिवस मी ओकत होतो. आनंदानं ओकत होतो, कारण औषध खरं निघालं. महिन्यात चार किलो उतरलो. तिकडं माझ्या पेटीतलं पाणी टोचून जोतीरामची साखर चढली आणि टाच पुन्हा ओली झाली. मला ते दिसत होतं. पुढच्या महिन्यात त्याची पेटी त्याच्याकडंच राहिली, त्याच्या पुढच्या महिन्यात मी ती पुन्हा घेतली. दिसणं आणि लाज वाटणं यांच्यात माझ्याकडं बराच वेळ जातो.

सहाव्या महिन्यात शिवांजलीनं त्याचा कागद पुढं धरला.

“काका, साखर एक महिना वर, एक महिना खाली. पेन नीट टोचता ना?”

“व्हय की. दर रविवारी.”

“मग तुमच्या पेटीत औषध असेल, तर ते टिकत नाही असाच अर्थ निघणार.”

तोंड उघडायचं नाही असं आमचं ठरलं होतं. उघडलं की त्याचं इंजेक्शन बंद, आणि विकत घेणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

जोतीराम खुर्चीत चुळबुळला. “पोरी, औषधाला बोल लावू नगंस. त्यानं इमानानं काम केलंय. लबाडी आमी केली.”

मग त्यानं सगळं सांगितलं. वर एक खोटंही बोलला. “मास्तर नगं म्हनत हुतं. मीच बळंबळं दिली.”

इथं मात्र माझं तोंड उघडलं. “मी नको म्हणत नव्हतो,” मी म्हणालो. “मला घाई झाली होती.”

दोघांची इंजेक्शनं थांबली. तपासणीला मात्र येत राहायचं. डॉक्टरांनी जोतीरामच्या गोळ्या वाढवल्या, टाचेला रोज मलमपट्टी करायला सांगितली.

“आमचं चुकलं ते लिवलंस न्हवं?” उठताना त्यानं शिवांजलीला विचारलं.

“लिहिलं काका, दोघांचंही.”

“आनी औषधाचं?”

“त्याची काही चूक नाही.”

त्याचं समाधान झालं. जिन्यावर मी म्हणालो, “जोतीराम, तुझं नुकसान केलं मी.”

“केलंसा की. आता रोज सकाळी सातला पट्टी बांधायला यायचं. माजा हात टाचंला पोचत न्हाई.”

तेव्हापासून रोज सातला मी त्याच्या पायाशी गुडघे टेकतो. बसायला जमतं. उठताना त्यालाच हात द्यावा लागतो.