सावडीचा बैल

भागिरथाबाईंनी बैल जुंपला नसता, तर यशवंता आज माझ्या शेजारी बसून या लिहिण्यातल्या चुका काढत बसला नसता. म्हणून आधी त्यांचं नाव, मग प्रवास.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. मी गुहागरकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. यशवंता माझा मावसभाऊ. विहीर खोल करायच्या कामावर मुकादमानं आम्हांला आसेगावच्या पलीकडच्या एका खेड्यात धाडलं. एसटीतून उतरलो, तर नजर पोचेल तिथवर काळी भेगाळलेली जमीन. भाताचं नावच विसरलो. रेशनच्या तांबड्या ज्वारीची भाकरी आणि ठेचा. ती घशाखाली ढकलायला पाणी हवं, आणि पाणीच मोजकं.

इकडे सावड असते (एकेक बैलवाले दोघे मिळून जोडी करतात). तशीच सावड या खेड्याच्या आणि वरच्या गावाच्या पंचायतींनी केली होती. विहीर यांची, ट्रॅक्टर त्यांचा. अडचणीला एकमेकांना द्यायचं.

एका पहाटे यशवंताला जुलाब-उलट्या लागल्या. सकाळी डोळे खोल गेले. दवाखान्यात न्यायला ट्रॅक्टर मागायला मी वरच्या गावात धावलो. सरपंच बाजेवर पान लावत होते. "तुमच्यावाल्यानं पाणी बंद केलं परवापासून. पाणी सोडा म्हणा, ट्रॅक्टर उभाच हाय." पळत खाली आलो. खालचे सरपंच म्हणाले, आधी ट्रॅक्टर येऊ दे, पाणी कुठं पळून जातं. मी पाया पडलो. त्यांनी मला चहा पाजला.

भागिरथाबाई याच पंचायतीच्या मेंबर. बौद्धवस्तीत एकट्या राहणाऱ्या, एका बैलाच्या धनीण. त्यांना कुणी काही विचारत नसे. मला अडवून म्हणाल्या, "कायले धावून राह्यला रे उन्हात?" मी सांगितलं. "त्याईचं भांडण मिटंपर्यंत हे पोरगं मरून जाईन," म्हणाल्या आणि वरच्या गावच्या आपल्या सावडकऱ्याला निरोप धाडला. तो स्वतः बैल घेऊन आला. त्याच्या गावाचं पाणी बंद होतं, तरीही. बाईंच्या घरचं तांब्याभर पाणी प्याला, गाडी जुंपून दिली.

मंगरूळपीरच्या दवाखान्याच्या वाटेवर बाई बैलांच्या बरोबरीनं चालत होत्या. मागून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत दोन्ही सरपंच शेजारी शेजारी. पंचायतींनी एकमेकींना मदत कशी करावी, यावर तालुक्याच्या साहेबांनी मीटिंग बोलावली होती. मी हात केला. ट्रॅक्टर थांबला नाही, धुरळा तेवढा आमच्यावर बसला.

बाई म्हणाल्या, "पाह्य, साहेबानं बोलावलं तं मिटलं भांडण."

दवाखान्यात सलाईन लागलं, यशवंता वाचला. परतताना गावाअलीकडच्या नाल्यात बाईंचा बैल बसला, तो उठलाच नाही. कडबा कुठून मिळणार होता त्याला? त्या त्याच्या तोंडावरच्या माशा वारत राहिल्या. मला म्हणाल्या, "रडू नोको. तुहा भाऊ हाय ना?"

आम्ही गुहागरला परत आलो. इथं अंगणात गवत माजतं, कापायला माणूस मिळत नाही. ते पाहिलं की तो बैल आठवतो. दोन पंचायती, एक ट्रॅक्टर, एक विहीर. आणि यशवंतासाठी उपाशी बैल चालला.

आज माझी ऐपत नाही. पण बाई, एक दिवस तुमच्या दारात येईन, तेव्हा माझ्या हातात बैलाचं दावं असेल.