अप्पांची एवढीशी गोळी

एकतीस वर्षं माझ्या वडिलांनी लोकांना गाडी शिकवली. ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या जुन्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाशी असलेल्या जादा ब्रेकवर बूट टेकवायचा आणि शांत आवाजात "क्लच... क्लच... अहो, क्लच म्हणतोय मी" म्हणत राहायचं. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं, म्हणून आम्ही मुलंही अप्पाच म्हणू लागलो. माणूस अतिशय शिस्तीचा. घरात शिरताना चपला जोडीने काढून ठेवणारा, वर्तमानपत्राची घडी मोडली तर दिवसभर धुसफुसणारा. आणि हाच माणूस चौदा वर्षं एका गोळीबद्दल घरादाराशी खोटं बोलत होता. मी नर्स आहे, तीही शस्त्रक्रियेनंतर पेशंट जिथे शुद्धीवर येतात त्या खोलीतली. भुलीची आणि झोपेची औषधं काय करतात हे रोज आठ तास डोळ्यांनी बघते. तरी माझ्या नाकाखाली हे चाललं होतं. आता बोला!

गोळीची सुरुवात एका भिंतीपासून झाली. एका शिकाऊ बाईंनी ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. अप्पांनी आपला ब्रेक दाबेपर्यंत गाडी शाळेच्या कुंपणाच्या भिंतीला भिडली होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्या सीटवर बसलं की अप्पांच्या छातीत धडधडायचं, तळहात ओले व्हायचे. आमच्या जुन्या डॉक्टरांनी अल्प्राझोलामची छोटी गोळी दिली आणि सांगितलं, "पंधरा दिवस घ्या, बरं वाटेल."

बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की सोळाव्या दिवशी बंद करायचं कुणाला सुचलंच नाही. मग अर्धीची एक झाली, एकीच्या दोन. औषधाच्या दुकानातला माणूस ओळखीचा, त्याने कधी चिठ्ठी मागितली नाही. जुने डॉक्टर वारले, त्यांची चिठ्ठी मात्र प्लास्टिकच्या पाकिटात अजून जिवंत होती.

मला हे कळलं ते अप्पा बाथरूममध्ये दुसऱ्यांदा पडले तेव्हा. पहिल्यांदा "फरशी ओली होती." दुसऱ्यांदा फरशी कोरडी ठणठणीत होती. त्याच महिन्यात एका शनिवारी पेल्यातली त्यांची ठरलेली दारू घेऊन ते जेवायला बसले आणि तोंडात घास तसाच ठेवून झोपले. मी त्यांना हलवून जागं केलं, खिसा तपासला आणि गोळ्यांची पट्टी सापडली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अप्पा, दारू आणि ही गोळी मेंदूत एकाच ठिकाणी काम करतात! दोन्ही एकत्र घेऊन एक दिवस श्वास घ्यायचा विसराल!"

"एवढीशी तर गोळी आहे," अप्पा म्हणाले. "तुझ्या कानातलं याहून मोठं असेल."

मी पाऊण तास ओरडले. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, इतकी ओरडले. दूर राहणाऱ्या दादाला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, या वयात झोप लागत नाही, घेऊ दे ना." त्याला तिकडून बोलायला काय जातंय? शेवटी अप्पा म्हणाले, "बरं बाई, बंद करतो." महिनाभराने विचारलं तर म्हणाले, "कधीच बंद केली." आईने मान डोलावली. मी विश्वास ठेवला. एवढी वर्षं नोकरी करून हा माझा शहाणपणा! बारा वर्षांची गोळी एखाद्या माणसाने सहज सोडली आणि त्याला साधा घामसुद्धा फुटला नाही, हे मी पेशंटच्या नातेवाइकाकडून ऐकलं असतं तर कपाळावर हात मारला असता.

पुढे दोन वर्षांनी अप्पांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. अर्थातच आमच्याच हॉस्पिटलमध्ये. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई तपासायला आल्या. माझी आणि त्यांची दहा वर्षांची ओळख.

"काही गोळ्या चालू आहेत?"

"ब्लडप्रेशरची," अप्पा म्हणाले.

"झोपेची वगैरे?"

अप्पांनी छताकडे बघितलं. मी पुढे होऊन म्हटलं, "पूर्वी घ्यायचे. दोन वर्षांपूर्वी बंद केल्यात." हे मी बोलले, माझ्या तोंडाने, छाती पुढे काढून.

सोमवारी सकाळी त्यांना कमरेखाली बधिर केलं आणि गुंगीचं इंजेक्शन दिलं. त्या मात्रेत एरवी धडधाकट माणूस घोरायला लागतो. अप्पा घोरेनात. डॉक्टरबाईंनी आणखी थोडं दिलं. अप्पा म्हणाले, "तुमचा तो वरचा दिवा वाकडा बसवलाय." आणखी दिल्यावर कुठे डोळे मिटले. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "काय गं, तुझ्या वडिलांना औषध चढतच नाही!" मी हसले. म्हटलं, "आयुष्यभर कुणाला डोक्यावर चढू दिलंय त्यांनी?" त्या वाक्याची आज मला लाज वाटते.

मंगळवारी संध्याकाळी चहाचा कप बशीवर वाजायला लागला. बुधवारी दुपारपर्यंत अप्पा घामाने भिजले होते, नाडी एकशेवीसच्या वर. वॉर्डच्या पोरसवदा डॉक्टरांनी ताप बघितला, जखम बघितली, रक्त तपासायला पाठवलं. सगळं ठीक. मी ड्यूटी संपवून वर गेले, तर अप्पा पलंगावर उठून बसले होते आणि उजवा पाय चादरीत दाबत होते.

"ब्रेक लागत नाहीये," ते मला म्हणाले. "बाई, हँडब्रेक ओढा."

"अप्पा, मी आहे."

"त्या मुंग्या आधी भिंतीवरून काढा. काचेवर आल्या तर दिसायचं कसं?"

भिंतीवर काही नव्हतं. आई कोपऱ्यात स्टुलावर बसून पदर पिळत होती. दादाचा फोन आला. त्याचं निदान तयारच होतं: "भूल डोक्यात गेली असणार. मी म्हटलं होतं मोठ्या हॉस्पिटलात न्या." मी फोन ठेवला. त्या घामाकडे आणि त्या थरथरणाऱ्या बोटांकडे बघताना डॉक्टरबाईंचं वाक्य आठवलं. औषध चढतच नाही. ज्या माणसाला सोमवारी एवढं औषध लागलं, त्याच्या मेंदूला त्या औषधाची सवय असणार. आणि बुधवारी त्याला हे होतंय, म्हणजे ती सवय दोन दिवसांपासून उपाशी आहे.

मी आईकडे वळले. "आई, गोळ्या कुठे आहेत?"

"कसल्या?"

"आई!"

तिने पिशवीतून गुंडाळलेले मोजे काढले. आत दोन पट्ट्या. अप्पांनी त्या हॉस्पिटलात आणल्या होत्या. रविवारी त्यांना झोप लागल्यावर आईने काढून घेतल्या होत्या.

"अगं पण का काढून घेतल्यास? आणि मला सांगितलं का नाहीस?"

"तू इथली सिस्टर. तुला सापडल्या असत्या तर तू ओरडली असतीस," आई म्हणाली. "तू फार ओरडतेस गं."

माझ्या ओरडण्याचा एवढाच उपयोग झाला होता. गोळी बंद झाली नाही, फक्त खिशातून मोज्यात गेली.

धावत जाऊन डॉक्टरांना पट्ट्या दाखवल्या. त्यांनी ताबडतोब शिरेतून त्याच जातीचं औषध दिलं. अर्ध्या तासात हात थांबले. तासाभराने अप्पांनी भिंतीकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "गेल्या वाटतं." डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "नशीब समजा. आणखी उशीर झाला असता तर फिट आली असती." ते मला माहीत होतं. म्हणूनच मी धावत आले होते.

शुक्रवारी मानसोपचाराच्या डॉक्टर आल्या. तरुण मुलगी, पण बोलण्यात घाई नाही. अप्पांनी आधीच तोंड फिरवलं होतं. "मी काय वेडा आहे?"

"नाही काका. तुम्ही काय काम करायचात?"

अप्पांनी सांगितलं. शिकाऊ गाडीला दोन ब्रेक असतात हेही सांगितलं. विचारलं नव्हतं तरी.

"मग तुम्हाला समजावणं सोपं आहे," ती म्हणाली. "मेंदूचा स्वतःचा ब्रेक असतो. गाबा नावाचं रसायन पेशींना सांगत असतं, जरा दमानं. त्याने मन निवतं, स्नायू सैल पडतात, झोप येते. तुमची गोळी नवीन ब्रेक आणत नाही. त्या गाबाच्या पायावर आपला पाय ठेवून जोर वाढवते. दारूही बऱ्याच अंशी तेच करते. आता मला सांगा, शेजारी बसून तुम्हीच रोज ब्रेक दाबत राहिलात तर शिकणाऱ्याचं काय होईल?"

"तो स्वतःचा पाय उचलून ठेवेल," अप्पा लगेच म्हणाले. "असल्यांना मी परीक्षेलाच पाठवत नाही."

"चौदा वर्षं तुमच्या मेंदूने पाय उचलून ठेवलाय. आणि सोमवारी तुम्ही एकदम गाडीतून उतरलात."

अप्पांनी चादरीखालून उजवा पाय बाहेर काढून बघितला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे तू मला असं का नाही सांगितलंस?"

मी डोक्याला हात लावला.

पुढचे चौदा महिने कसे काढले ते मला विचारू नका. गोळी बदलून असर हळू उतरणारी दिली आणि दर तीन आठवड्यांनी उरलेल्या मात्रेचा जेमतेम दहावा हिस्सा कमी करायचा ठरलं. फ्रीजवर तक्ता लावला. कात्रीने, सुरीने, शेवटी दुकानातून आणलेल्या गोळी कापायच्या डबीने आई तुकडे करायची. अप्पा ते भिंगाखाली तपासायचे आणि "हा लहान आहे" म्हणून भांडायचे. प्रत्येक कपातीनंतर आठवडाभर घरात पाय ठेवायची सोय नसे. चमचा ताटाला लागला तरी त्यांना तो कानात वाजायचा. पोटऱ्यांत गोळे यायचे. पहाटे चारलाच उठून बसायचे आणि सहा वाजता मला फोन: "तुझं सायन्स काय म्हणतंय? मला झोप कधी येणार?" एकदा रागाच्या भरात म्हणाले, "फेकून देतो सगळ्या, एकदाच काय ते होऊ दे." मी तोंड उघडलं, आईकडे बघितलं आणि मिटलं. शांतपणे म्हटलं, "अप्पा, मुंग्या." ते तुकडा घेऊन पाणी प्यायले. दोनदा घसरले, दोनदा आधीच्या मापावर परत जावं लागलं. डॉक्टर म्हणाल्या, "चालतं. फक्त लपवू नका."

पण हळूहळू काहीतरी उजाडत गेलं. अप्पा पडायचे थांबले. सिनेमा शेवटपर्यंत बघू लागले आणि गोष्ट सांगू लागले, नको म्हटलं तरी. एका रविवारी माझ्या गणवेशावरची पट्टी बघून त्यांनी विचारलं, "तू हेड सिस्टर कधी झालीस?"

"तीन वर्षं झाली. तुम्ही आला होतात कार्यक्रमाला. पहिल्या रांगेत बसला होतात. टाळ्या वाजवल्यात."

"मी?" त्यांनी खूप आठवून बघितलं. चेहऱ्यावर काहीच आलं नाही. "मग फोटो असेल ना?"

मी फोनमधला फोटो दाखवला. त्यात ते हसत होते. त्यांनी तो मोठा करून स्वतःच्याच चेहऱ्याकडे परक्या माणसासारखं बघितलं. मला त्यांचा राग आला की त्या गोळीचा, काही कळेना. चहा टाकायच्या निमित्ताने मी आत निघून गेले.

शेवटचा तुकडा मागच्या वर्षी संपला. अप्पा आता साडेपाच तास झोपतात आणि त्याबद्दल दिवसभर तक्रार करतात. छातीत कधी धडधडलं तर जिना उतरून इमारतीला दोन फेऱ्या मारतात. दारू त्यांनी स्वतःहून सोडली. त्याचं श्रेय अर्थातच मला नाही, त्या डॉक्टर मुलीला.

माझा त्रास संपला असं वाटत असेल तर तसं नाही. गेल्या महिन्यात मी घरी गेले, तर अप्पा खूश. "खालच्या शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत ना, त्याही आठ वर्षं तीच गोळी घेतात. मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, विष आहे, आजच्या आज फेका. टाकल्या बिचारीने केराच्या डब्यात."

"कधी?"

"काल सकाळी."

मी चपला न घालताच जिना उतरले. दार उघडणाऱ्या बाईंच्या हातातली सुई थरथरत होती. मी त्यांना खुर्चीत बसवलं, त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, केराचा डबा उलटा केला आणि पट्टी शोधली. फोनवर डॉक्टरांनी सांगितलं त्याप्रमाणे त्यांना त्यांची नेहमीची गोळी दिली आणि संध्याकाळची वेळ ठरवली. एवढ्यात अप्पा मागोमाग खाली आले आणि दारातूनच मोठ्या आवाजात म्हणाले, "घाबरू नका हो बाई! मेंदूचा ब्रेक असतो, मी समजावतो तुम्हाला!"

"अप्पा," मी म्हटलं, "वर जा."

"अगं पण..."

"वर जा आणि आईला म्हणावं, ती गोळी कापायची डबी खाली दे, बाईंना पुढे लागेल."

डबी घेऊन ते स्वतःच परत आले. आणि तुकडे कसे पाडायचे हे त्या बाईंना पुढची वीस मिनिटं समजावत बसले.