शिडीखालची रेघ

वहिनींना सगळेच वहिनी म्हणतात. धाकट्या दिराने म्हणायचं ते ठीक, पण त्याचं ऐकून वेल्डर म्हणायला लागला, मग सामान पोचवणारा टेम्पोवाला, आणि शेवटी त्यांच्याहून वयाने मोठी गिऱ्हाइकंसुद्धा. त्या घरांच्या छतांवर सोलर पॅनेल चढवतात. म्हणजे स्वतः वर फारशा जात नाहीत. खाली उभ्या राहतात, आणि त्यांनी "हं" म्हटल्याशिवाय एक खिळाही वर जात नाही.

त्याआधी बावीस वर्षं त्यांनी शिवणकाम केलं. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, लोकांच्या सैल झालेल्या विजारी. सोलरचं काम नवऱ्याचं. नवरा फिटर, हातात कसब आणि पायाला भिंगरी. मदतीला धाकटा भाऊ. दोघांचं बरं चाललं होतं.

पाच वर्षांपूर्वी एका दुमजली घरावर काम करताना फिटर पडला. बावीस किलोचं, पुरुषापेक्षा उंच पॅनेल पाठीवर घेऊन तो शिडी चढत होता. एक हात पॅनेलला, एक शिडीला. नवव्या पायरीवर शिडीचा पाय गुळगुळीत फरशीवरून सरकला. टाच फुटली, कमरेचं हाड मोडलं, चार महिने अंथरूण. जीव वाचला, पण शिडी कायमची सुटली. घरात त्या दिवसाची हकिगत एकाच तऱ्हेने सांगितली जायची: धाकटा शिडी धरून उभा होता, तो सोडून गेला, आणि थोरला पडला. धाकटा हे ऐकून घ्यायचा आणि काहीतरी निमित्त काढून उठून जायचा.

वहिनींनी दवाखान्यातच नवऱ्याला विचारलं होतं, "नक्की काय झालं, पहिल्यापासून सांगा."

"काय सांगायचं? नशीब फुटकं."

"नशिबाचं नंतर बघू. शिडीचं वरचं टोक कशाला बांधलं होतं?"

फिटरने मान फिरवली.

"आणि खाली?"

"तू आता उलटतपासणी घेणार का माझी?"

"घेणार. कापड बिघडलं की मी नशिबाला नावं ठेवत नाही. उसवते, आणि कुठे चुकलं ते बघते."

धाकटा एकट्याने काम कसं करणार, हा प्रश्न होताच. बाहेरचा माणूस ठेवला, तो आठ दिवसांत पळाला. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी येते." धाकट्याला हसू आलं, पण दुसरा इलाज नव्हता.

त्यांनी आधी घरामागच्या मोकळ्या जागेत सराव केला. पॅनेलऐवजी अडगळीतलं जुनं दार घेतलं. ते दार त्यांनी दिराकडून पंधरा दिवसांत इतक्या वेळा छतावर नेऊन खाली उतरवलं, की शेजारची आजी म्हणाली, "अगं, एकदाचं ठरवा तरी, दार कुठे बसवायचंय ते!" त्यातून वहिनींची पद्धत तयार झाली. शिड्या दोन. एक माणसांची, एक पॅनेलची. माणसांच्या शिडीचा पाय भिंतीपासून उंचीच्या चौथ्या हिश्शाइतका लांब, तोही टेपने मोजून, अंदाजाने नाही. शिडीचं डोकं कठड्याच्या वर तीन पायऱ्या निघालेलं आणि दोन्ही बाजूंनी बांधलेलं. चढताना हात मोकळे. हत्यारं पिशवीतून दोराने मागून येणार. दुसरी शिडी जरा आडवी कललेली, घसरगुंडीसारखी. तिच्या दोन दांड्यांवरून पॅनेल वर सरकत जायचं. ओढणारा दोर छतावरच्या कप्पीतून, आणि कप्पी अशी की दोर हातून सुटला तरी ती आवळून धरते. पॅनेलच्या खालच्या कडेला दुसरा दोर, त्याला वहिनी लगाम म्हणतात. तो त्यांच्या हातात, पण त्या शिडीखाली नाहीत, लांब बाजूला.

पॅनेलचे कोपरे भिंतीला घासू नयेत म्हणून त्यांनी जाड कापडाची चार टोपडी शिवली. धाकटा म्हणाला, "मग वजन उचलायचे पट्टेही घरीच शिवू की." वहिनी म्हणाल्या, "ते नाही. पट्टा बाजारातला, वजनाचा शिक्का मारलेला. माझ्या शिलाईवर मी विजार सोपवीन, माणूस नाही."

आणि शिडीभोवती जमिनीवर खडूची रेघ. पॅनेल हवेत असताना रेघेच्या आत कोणी यायचं नाही. मालक असो, मालकाचं मांजर असो.

अशी साडेचार वर्षं गेली. फिटर घरी टेबलाशी बसून आराखडे काढायचा, गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचा. कामावर यायचा नाही. मग एका दवाखान्याचं काम आलं. दुमजली इमारत, बारा पॅनेल. डॉक्टरीणबाई फिटरच्या जुन्या ओळखीच्या, म्हणून तो काठी टेकत पहिल्यांदाच बघायला आला.

सकाळी सगळं सुरळीत होतं. छतावर धाकटा आणि सांगाडा जोडणारा वेल्डर, दोघांच्या कमरेला पट्टे. खाली वहिनी. आठ पॅनेल वर गेली. अकराच्या सुमारास शिडीच्या टोकाला बांधलेली चिंधी फडफडायला लागली. वहिनींनी हात वर केला. "थांबा."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "दुपारी पेशंट येतात हो. वाट अडलीय. चारच तर राहिलीत."

"वारा पडला की लगेच."

फिटर बाकावरून म्हणाला, "एवढ्या वाऱ्याला काय होतंय? आम्ही याच्या दुप्पट वाऱ्यात कामं केलीत."

वहिनींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

थोड्या वेळात वारा पडला. चिंधी लोंबली, तिला अर्धा तास झाला. डॉक्टरीणबाई दोनदा दारात येऊन घड्याळ बघून गेल्या. वेल्डर वरून डोकावला. सगळ्यांचे डोळे वहिनींवर. त्यांचा नेम असा, की वारा एकदा उठला की नीट तासभर शांत राहिला पाहिजे. पण इतके डोळे अंगावर असताना अर्धा तास तासासारखा वाटतो. त्या म्हणाल्या, "हं, एक घ्या."

नववं पॅनेल निम्म्यावर पोचलं आणि इमारतीच्या कोपऱ्यावरून झोत आला. पॅनेल दांड्यांवरून शिडासारखं उचललं गेलं आणि आडवं फिरलं. लगाम वहिनींच्या हातमोज्यांतून सरसर सरकला. त्यांनी टाचा रोवल्या आणि अंग मागे टाकलं. वरून धाकटा ओरडला, "कप्पीने धरलंय! दोर पक्का आहे!"

तेवढ्यात फिटर उठला. काठी टाकून, लंगडत, दोन्ही हात वर करून पॅनेलला आधार द्यायला निघाला. सवय. पडणारी वस्तू दिसली की त्याचे हात आधी पुढे जायचे.

"अहो! रेघ!"

वहिनी नवऱ्यावर चारचौघांत कधी ओरडल्या नव्हत्या. फिटर जागच्या जागी थबकला, चपलेचं टोक रेघेवर. पॅनेल झुलून शिडीच्या दांड्यावर आदळलं, काच चुरली आणि तिचे दाणे खडखडत रेघेच्या आत पडले. आणखी दोन पावलं गेला असता तर ते त्याच्या तोंडावर पडले असते.

वहिनींनी लगाम ताणून पॅनेल शिडीला टेकवलं, धाकट्याने वरून वीत-वीत दोर सोडला, आणि ते खाली आलं. वर वेल्डरने तीनदा विचारलं, "लागलं का कुणाला?" कुणालाच लागलं नव्हतं. वहिनी पायरीवर बसल्या. हातमोजा काढला तर तळव्याची कातडी सोलली होती. डॉक्टरीणबाईंनी स्वतः मलम लावलं.

धाकटा खाली उतरल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, चूक माझी. तास व्हायच्या आत मी हो म्हटलं. मला माहीत होतं, तरी म्हटलं." मग डॉक्टरीणबाईंकडे वळून, "पॅनेल आम्ही भरून देऊ. उरलेलं काम उद्या सकाळी सातला. आज नाही."

एवढंच. रडणं नाही, सारवासारव नाही. फिटर उभा राहून ऐकत होता. त्याने वाकून काठी उचलली. मग भावाकडे न बघता म्हणाला, "त्या दिवशी याने शिडी सोडली नव्हती."

वहिनींनी मान वर केली.

"हा मला म्हणाला होता, दादा, आधी शिडी वर बांधू या. मी म्हटलं, वेळ नाही. वर म्हटलं, जा, टेम्पोतून पाने-पकड घेऊन ये. मीच पाठवलं याला. आणि नंतर लोक म्हणायला लागले, की धाकट्याने सोडली. मी म्हणू दिलं."

वहिनींनी दिराला विचारलं, "भाऊजी, तुम्ही का नाही बोललात?"

"तो अंथरुणावर होता. काय बोलणार?" धाकटा झाडू घेऊन काच गोळा करायला लागला. थोड्या वेळाने, पाठमोराच, म्हणाला, "पाच वर्षं, दादा."

"हो."

"आईसुद्धा तेच मनात धरून गेली."



दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हवेत पानही हलत नव्हतं. फुटलेल्याच्या बदली आणलेलं धरून चारही पॅनेल तासाभरात वर गेली. धाकटा वेळेवर आला होता, कामात कसूर नव्हती, पण भावाच्या घरी जेवायला थांबला नाही. पुढचे पंधरा-वीस दिवस तसेच. काय हवं-नको ते वहिनींना विचारायचा. वहिनींनी मध्ये पडून गोड करायचा प्रयत्न केला नाही. नवऱ्याला एकदाच म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? ज्यांच्यासमोर त्याचं नाव घेतलं गेलं, त्यांना सांगा."

ती वेळ लवकरच आली. दोघा भावांची मावशी राहायला आली. टाच कशी आहे, पाय दुखतो का, अशी चौकशी करता करता ती सवयीने म्हणाली, "धाकट्याने तेव्हा शिडी धरून ठेवली असती तर..." धाकटा आराखडा न्यायला आलेला, दारातच होता. तो चपला शोधायला वळला.

"नाही मावशी," फिटर म्हणाला. "त्याने नाही सोडली. तो बांधू म्हणत होता, मीच नको म्हटलं आणि त्याला लांब पाठवलं. इतकी वर्षं मी खोटं चालू दिलं."

मावशी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. "मग मी याला केवढं बोलले होते रे!"

"बोलली होतीस," धाकटा म्हणाला. त्याने आराखडा घेतला, उलगडला आणि दवाखान्याच्या कामानंतर पहिल्यांदाच थेट भावाला विचारलं, "कठडा किती उंच आहे, ते लिहिलं नाहीस?"

फिटरने चष्मा लावला आणि दोघे कागदावर वाकले. वहिनी आतल्या खोलीत दुसऱ्या दिवशीच्या कामाचे दोर तपासत बसल्या होत्या. एका दोराचे पीळ सुटलेले दिसले, तो त्यांनी बाजूला काढला आणि कात्रीने मधोमध कापून टाकला, म्हणजे चुकूनही कोणी वापरायला नको.