कूलरसमोरची सायकल

अन्याय झाला माझ्या मावशीवर, धरणगावच्या सुमनअक्कावर. गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, तिची व्यायामाची सायकल माळ्यावर चढवली गेली. दीड महिन्यापूर्वी अक्का गेल्याचा फोन आला, तेव्हा मला आधी ती सायकल आठवली.

अक्काला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. यात मज्जातंतूंवरचं आवरण खराब होतं, मेंदूचा हुकूम पायापर्यंत नीट पोचत नाही. बालवाडीत मुलांमागे पळणारी ही बाई भिंत धरून चालू लागली, तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने केळी आणली आणि सांगितलं, पडून राहा. अक्का मात्र एसटीने धुळ्याला गेली. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला तपासून जागेवरची सायकल सांगितली आणि वेगाचं माप दिलं: बोलता यावं, गाता येऊ नये. अक्का पॅडल मारता मारता आखाजीचं गाणं म्हणून बघायची. सूर नीट लागला की म्हणायची, "कामचुकारपणा चाललाय माझा," आणि वेग वाढवायची. अंग तापलं की या आजारात पाय तात्पुरते गळतात, म्हणून सायकल कूलरसमोर आणि मानेवर ओला पंचा. आजार गेला नाही, जाणारही नव्हता. पण सहा महिन्यांत ती भिंत सोडून ओट्यापर्यंत यायला लागली, दुपारी चार पोळ्या लाटायला लागली.

त्या आखाजीला अक्काच्या बहिणी आणि मी तिच्याच घरी जमलो होतो, दारात झोका बांधलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट गेली, कूलर बंद पडला, आणि बहिणींसमोर माघार नको म्हणून अक्का थांबलीच नाही. पाय लटपटले, डोळ्यांपुढे धूसर झालं. आम्ही सगळे घाबरलो. जळगावच्या डॉक्टरांनी तिला न बघताच फोनवर सांगितलं, पूर्ण आराम. नाना, म्हणजे तिचे यजमान, लगेच सायकल उचलायला लागले. अक्का खाटेवरून म्हणाली, "मी मरेल नही, थकेल शे." म्हणजे, मेलेली नाही मी, थकलेय.

कुणी ऐकलं नाही. संध्याकाळी अंग निवल्यावर ती स्वतः उठून माठापर्यंत गेली, पाणी प्यायली. तेही आम्ही पाहिलं... आणि सायकल तरीही माळ्यावरच राहिली. मग वर्षभर खाट. पाय वाळले, पाठीला जखमा झाल्या, शेवटी न्यूमोनिया. सायकल चालू असती तर ती वाचलीच असती, असं मी म्हणणार नाही. पण तिचं चालणं आजाराआधी आमच्या मायेने थांबवलं, हे म्हणणारच. तेराव्याला एक काका म्हणाले, झालं गेलं सोड, घरातलं चव्हाट्यावर आणू नको. आणतेय. कारण माळ्यावर चढवताना त्या सायकलचं मागचं टोक मी धरलं होतं.

परवा नानांनी आणि मी ती खाली उतरवली. धूळ पुसली, कूलरसमोर ठेवली. नानांनी पंचा भिजवून हँडलवर टाकला.

तुमच्या घरात असं कुणी खाटेवर असेल, तर या आठवड्यात त्यांना घेऊन डॉक्टरांसमोर बसा. कोणता व्यायाम, किती, कोण शिकवणार, हे कागदावर लिहून घ्या. "आराम" एवढाच शब्द घेऊन परतू नका. आणि सायकल नसेल तर अक्काची घेऊन जा.